एकाच पाटीची दोन नावं

माझी बायको कॉलेजात मराठी शिकवते आणि मी घरी बसून कॉम्प्युटरचं काम करतो. हट्ट्यात आमच्या घरासमोरून जाणाऱ्याला बाहेरून एवढंच दिसतं, की बायको सकाळी डबा घेऊन वसमतला जाते आणि नवरा बनियनवर ओसरीत बसून काचेकडे बघत राहतो. शेजारच्या काकांनी एकदा माझ्या वडिलांना आवाज उतरवून विचारलं, "पोराची नोकरी सुटली का?" वडील म्हणाले, "न्हाई, पुण्याची कंपनी हाय, घरूनच करून राहिला." काकांनी मान हलवली, पण त्यानंतर ते माझ्याशी फार प्रेमाने बोलायला लागले. आजारी माणसाशी बोलतात तसं.

कंपनीचं काम मी पोटासाठी करतो. अभिमान मात्र मला दुसऱ्याच गोष्टीचा होता. फाईली एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कॉपी करणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला आहे. तो फुकट आहे, कुणीही घ्यावा. आता कॉपी करायची सोय प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असतेच, मग माझा प्रोग्राम कशासाठी, या प्रश्नाला माझ्याकडे भलंमोठं उत्तर होतं. ते शेवटपर्यंत ऐकायला आजवर कोणी थांबलेलं नाही. तरी जगात कुठंकुठं बसलेली काही माणसं तो वापरत, अधूनमधून तक्रार लिहीत, आणि मी त्यांना मोठ्या अधिकाऱ्याच्या थाटात उत्तरं देत असे.

बायकोचं माहेर सेनगाव तालुक्यातलं साखरा. तिथं आणि आसपासच्या गावांत शेळ्या-मेंढ्या राखणारी बरीच घरं आहेत. त्या घरांमधले शब्द गोळा करायचं बायकोनं मनावर घेतलं. शेळीच्या रंगाला काय म्हणतात, कानाला काय, आजाराला काय, व्याल्यावर काय करतात, सगळं लोकांच्याच तोंडून रेकॉर्ड करायचं. मी आपण होऊन तिचा तांत्रिक सल्लागार झालो. प्रत्यक्षात माझं काम माइक धरायचं होतं, आणि तिची अट एकच होती, मधे बोलायचं नाही. ती अट मला मान्य होती. पाळता आली नाही, एवढंच.

साखऱ्यात बायकोच्या माहेरच्या घराला लागून एक मावशी राहतात. नात्यातल्या नाहीत, पण गाव त्यांना मावशी म्हणतं. त्यांच्याकडं शेळ्या आहेत आणि बोलायला विषयांची कधीच कमतरता नाही. त्यांचं रेकॉर्डिंग सगळ्यात लांबलचक झालं. शेवटी शेवटी त्या बोलता बोलता स्वतःच्या सुनेवर घसरल्या. भरपूर बोलल्या, मग एकदम थांबल्या आणि बायकोचा हात धरून म्हणाल्या, "बाई, हे तेवढं काढून टाका बरं. रागात निघालं तोंडातून. घरात ऱ्हायचंय मला."

"काढते मावशी. कुणाला ऐकू जाणार नाही," बायको म्हणाली.

आणि तिनं ते काढलंही. सगळ्या रेकॉर्डिंगांमधला फापटपसारा तिनं हेडफोन लावून कापला. त्यात आणखी काय काय कापलं, हे तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण कापण्यासारखं आणखी काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आता त्या रेकॉर्डिंगांची मांडणी कशी होती हे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथंच आहे. मूळ फाईली गावाप्रमाणे ठेवल्या होत्या, साखऱ्याच्या साखऱ्यात, हट्ट्याच्या हट्ट्यात. पण बायकोला त्या विषयाप्रमाणेही हव्या होत्या. रंग, आजार, बाळंतपण, दूध. एकच फाईल चार ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवणं मला कमीपणाचं वाटलं. म्हणून विषयांच्या फोल्डरात मी सिम्बॉलिक लिंक ठेवल्या. सिम्बॉलिक लिंक म्हणजे फाईल नव्हे, फाईल कुठं आहे ते सांगणारी छोटीशी नोंद. तिच्यावर क्लिक केलं की कॉम्प्युटर आपोआप मूळ फाईलीकडे जातो.

"म्हणजे रस्त्याच्या कडेला गावाची पाटी असते तसं," बायको म्हणाली.

मी म्हणालो, साधारण तसं, आणि ते नेमकं तसं का नाही हे तिला जेवण होईपर्यंत समजावलं. तेव्हापासून आमच्या घरात त्याला पाटीच म्हणतात.

कापायला बसण्याआधी ती म्हणाली होती, "माझ्याकडून काही बिघडलं तर? मूळ सगळं एकदा बाजूला ठेवा. माझं झालं की पुसून टाका." मी सगळ्याची एक प्रत 'जुनं' नावाच्या फोल्डरात ठेवली. साध्या माणसानं साधी प्रत काढली असती. मी हुशारी केली. रेकॉर्डिंगं बदलणार होती, त्यांच्या वेगळ्या प्रती काढल्या. पण पाट्या तर बदलणार नव्हत्या. मग त्या दोनदा कशाला साठवायच्या? मी त्यांना हार्ड लिंक केल्या. हार्ड लिंक म्हणजे एकाच वस्तूला दोन नावं. पोराचं घरातलं नाव वेगळं आणि शाळेतलं वेगळं, पण पोरगं एकच, तसं. 'जुनं'मधली पाटी आणि बायको कापणार होती त्या नव्या फोल्डरातली पाटी, दोन्ही नावं एकाच पाटीची. पाटीवर 'शेजारच्या साखरा फोल्डरात जा' एवढंच लिहिलेलं. जुन्या घरातून वाचली की ती जुन्या रेकॉर्डिंगकडे नेणार, नव्या घरातून वाचली की नव्याकडे. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पाट्यांना जागा लागते ती जवळजवळ काहीच नाही. ती वाचवण्यासाठी मी अख्खा रविवार घालवला.

पुसायचं काम माझ्याकडं होतं. ते राहिलं.

पुढं बायकोचा लॅपटॉप जुना झाला आणि तिनं दुसऱ्या जातीचा नवा घेतला. सगळं त्यावर न्यायचं होतं. "नेहमीसारखं कॉपी केलं तर चालणार नाही का?" तिनं विचारलं. मी हसलो. आमच्या दहावीच्या गणिताच्या सरांचं असंच हसू होतं, आणि त्या हसण्यापायीच ते आम्हाला आवडत नसत. मी माझा प्रोग्राम लावला. तो कुरकुर न करता चालला. मग मी खात्रीसाठी साखऱ्याच्या फोल्डरातली एक फाईल लावून पाहिली, मावशींचा आवाज आला, आणि मी चहा मागितला.

ज्यांनी रेकॉर्डिंग दिलं त्यांनाच ते आधी ऐकवायचं, असं बायकोच्या मनात होतं. एका संध्याकाळी, शेळ्या रानातून घरी आल्यावर, साखऱ्यात मारुतीच्या देवळापुढं लोक जमले. भजनी मंडळानं त्यांचा स्पीकर दिला. मी गावचा जावई, म्हणून मला हाताची खुर्ची. समोर टेबलावर लॅपटॉप. बायको बायकांमध्ये जाऊन बसली, आणि कुठल्या विषयातलं काय लावायचं ते तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं.

रंगांचं लावलं. लोकांना आपलेच आवाज स्पीकरवर ऐकून गंमत वाटली. आजारांचं लावलं. एका म्हाताऱ्या बाबांनी आपलं बोलणं ऐकून शेजाऱ्याला सांगितलं, "बराबर सांगून राहिला तो." त्या रेकॉर्डिंगांत कापण्यासारखं फारसं नव्हतंच, त्यामुळं मला काही संशय यायचं कारण नव्हतं. मग मी दूध या फोल्डरातली मावशींची पाटी उघडली.

"शेळीनं करडू लावून न्हाई घेतलं की तिचंच दूध काढायचं," मावशींचा आवाज आला, "अन् पिलाच्या पाठीला चोळायचं..."

"म्हणजे मावशी, ती वासानं ओळखते," दुसरा एक आवाज मधे घुसला. "ही बाब शास्त्रीय आहे. वास म्हणजे काय असतो, तर हवेत जे सूक्ष्म कण असतात ते..."

तो माझा आवाज होता. मी इतका नाकातून बोलतो हे मला माहीत नव्हतं.

ते व्याख्यान बरंच चाललं. मधेमधे मावशी "व्हय" म्हणत होत्या. मग स्पीकरवरचा मी म्हणालो, "मी लहानपणी शेळ्या राखलेल्या आहेत, मला अनुभव आहे," आणि लगेच माझीच किंचाळी ऐकू आली, "अगं, अगं, सोड. मावशी, ही माइक खाऊन राहिली."

"भिऊ नका जावईबापू," मावशी म्हणत होत्या, "चावत न्हाई ती. खाऊन पाहून राहिली फकस्त."

देवळापुढं जे हसू उसळलं ते मी विसरणार नाही. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होती. माझा मेहुणा खाली बसला. मीही हसलो, कारण जावयाला दुसरा मार्ग नसतो, आणि हसता हसता माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं, की हे तर बायकोनं कापलं असणार, मग हे आलं कुठून?

तेवढ्यात माझं लक्ष मावशींकडं गेलं. त्यांचं हसणं थांबलं होतं. पदर तोंडाशी धरून त्या माझ्या बायकोकडं बघत होत्या. बायको उठून उभी राहिली होती. तिला पुढं काय येणार ते पाठ होतं. मला मात्र ते तेव्हा कुठं आठवलं.

"बंद करा," ती तिथूनच म्हणाली.

मी वायर उपटली. ती चार्जरची होती. स्पीकर बिनवायरचा आहे हे मला आठवायला हवं होतं, कारण तो मीच जोडला होता. मी बटणं दाबली, आवाज मोठा झाला.

"आता आमच्या सुनेचं सांगते तुमाला," मावशी स्पीकरवरून गावाला म्हणाल्या, "ती दूध काढाया बसली का..."

मी लॅपटॉपचं झाकण पाडलं. स्पीकरनं टुक केलं आणि शांत झाला.

सून तिथंच होती. लेकराला मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसली होती. ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "पुढं काय म्हणल्या आत्याबाई?"

"तुझी तारीफच केली व्हती," मावशी म्हणाल्या.

"मंग लावा की दाजी," ती मला म्हणाली.

"फाईल खराब झाली," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. आत्ताच सगळ्या गावासमोर शास्त्र सांगितलेला आणि शेळीला भिऊन ओरडलेला माणूस किती विश्वासू असू शकतो, याचा ती अंदाज घेत असावी. मग तिनं लेकरू उचललं आणि घराकडं निघून गेली. मावशीही थोड्या वेळानं तिच्या मागं गेल्या.

त्या दिवशी मुक्काम सासरीच होता. जेवताना मेहुणा वरण वाढत म्हणाला, "दाजी, वरणाचा वास येऊन राहिला का? ही बाब शास्त्रीय हाय." सासूबाईंनी त्याला दटावलं आणि मला एक भाकरी जास्तीची वाढली. बायको हसली नाही. ताटं उचलल्यावर तिनं एकच विचारलं, "जुनं पुसलं होतं ना तुम्ही?"

"पुसणारच होतो," मी म्हणालो.

"मी मावशीला शब्द दिला होता," ती म्हणाली.

हट्ट्याला परत आल्यावर मी कारण शोधायला बसलो. आधी स्पीकरवर संशय घेतला, मग लॅपटॉप बनवणाऱ्यांवर, मग बायकोनंच कापलेली फाईल जतन केली नसेल अशी एक शक्यता मी तिच्यापुढं मांडून पाहिली. ती शक्यता फार वेळ टिकली नाही. शेवटी दूध या फोल्डरात नीट पाहिलं. तिथं पाटी नव्हतीच. पाटीच्या जागी मावशींचं न कापलेलं, जुनं रेकॉर्डिंग स्वतःच बसलं होतं.

झालं असं होतं. माझ्या प्रोग्रामनं 'जुनं' हे फोल्डर आधी कॉपी केलं. त्यातली पाटी नव्या लॅपटॉपवर नीट उभी केली. मग नव्या फोल्डराकडं आला, तर तिथं त्याच पाटीचं दुसरं नाव. म्हणून त्यानं लॅपटॉपला हुकूम दिला, त्या पाटीला इथं दुसरं नाव दे. माझ्या कॉम्प्युटरवर हाच हुकूम दिला की नाव पाटीलाच मिळतं. या लॅपटॉपनं मात्र आधी पाटी वाचली, ती दाखवते तिकडं गेला, आणि तिथं जी फाईल होती तिला दुसरं नाव दिलं. पाटी उभी होती 'जुनं'मध्ये, म्हणजे ती नेणार जुन्या रेकॉर्डिंगकडंच. यात लॅपटॉपची चूक म्हणावी, तर तसंही नाही. असं काही आलं तर काय करायचं, हे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांच्या सामायिक नियमांतच ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं आहे. ते प्रोग्राम लिहिणाऱ्यानं बघून घ्यायचं असतं. प्रोग्राम लिहिणारा मी.

हे सगळं उलगडत असताना मला आठवलं, की असलं काहीतरी मी आधी कुठंतरी वाचलंय. शोधलं, तर माझ्याच प्रोग्रामच्या तक्रारींमध्ये सापडलं. कुठल्यातरी थंड देशातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, की अमुक जातीच्या कॉम्प्युटरवर तुमचा प्रोग्राम सिम्बॉलिक लिंकच्या हार्ड लिंक नीट कॉपी करत नाही, पाटीऐवजी मूळ फाईल येते. उदाहरण दिलं होतं, पायऱ्या दिल्या होत्या. खाली माझं उत्तर होतं. सिम्बॉलिक लिंकला हार्ड लिंक व्यवहारात कोणीही करत नाही, हा प्रकार काल्पनिक आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे. 'करण्यात येत आहे' असंच वळण होतं, तहसीलमधल्या नोटिशीसारखं.

व्यवहारात कोणीही करत नाही ते करणारी जगात निदान दोन माणसं निघाली, आणि त्यातला एक मी होतो. तेही एका रविवारी, फार अभिमानानं.

मी त्या बाईंना लिहिलं. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. साखऱ्याचा प्रसंग थोडक्यात कळवला, शेळीचा भाग गाळून. त्यांचं उत्तर फार सभ्य आलं. त्यांनी लिहिलं, की असं करणारी मी एकटीच असेन असं मला वाटायला लागलं होतं, बरं वाटलं.

मग मी दुरुस्ती केली आणि त्यांना तपासायला दिली. पाटी दिसली की दुसरं नाव द्यायच्या भानगडीत पडायचंच नाही, तशीच दुसरी नवी पाटी करायची. सोपं. त्यांनी लिहिलं, आता पाटी बरोबर येते, पण दोन नावं एका पाटीची राहत नाहीत, दोन वेगळ्या पाट्या होतात. एकपण जपणं हेच तर हार्ड लिंकचं काम. मला राग आला. मी ओसरीत येरझाऱ्या घातल्या. शेजारच्या काकांनी फाटकातून विचारलं, "तकलीफ हाय का काही?" मी न्हाई म्हणालो आणि आत येऊन पुन्हा बसलो, कारण बाईंचं म्हणणं खरं होतं.

त्याच हुकुमाचा एक नवा प्रकार आहे. त्यात पाटीच्या मागं जाऊ नको, पाटीलाच नाव दे, असं उघड सांगता येतं. तो वापरला. आणि जिथं कॉम्प्युटर तेही करायला नकार देईल, तिथं निमूट नवी पाटी करायची, पण तसं केलंय हे वापरणाऱ्याला सांगायचं. बाईंनी तपासलं आणि 'चालतंय' एवढंच लिहिलं. पाहायला गेलं तर बदल चार ओळींचा होता. त्या ओळींवर मी जेवढा वेळ घालवला तेवढ्या वेळात आमच्या वडिलांनी हळद काढून, शिजवून, वाळत घातली.

दुरुस्त केलेल्या प्रोग्रामनं मी तिच्या लॅपटॉपवर सगळं पुन्हा उतरवलं, आणि 'जुनं' दोन्हीकडून पुसलं तेव्हा बायको मागं उभी होती. पुसल्यावर तिनं स्वतः प्रत्येक विषयातली प्रत्येक पाटी उघडून ऐकली. मला चहाही विचारला नाही.

मग आम्ही साखऱ्याला गेलो. मावशींची माफी मागायची होती. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि बायको म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. मी बोलते."

बोलायची वेळच आली नाही. देवळापुढचा प्रकार झाला त्याच संध्याकाळी मावशींनी सुनेला सगळं स्वतःच सांगून टाकलं होतं. "अर्धं ऐकून तिनं काय काय धरलं असतं मनात," त्या म्हणाल्या. "त्यापरीस सांगितलं. दूध काढाया बसली का मोबाइल कानाला लावती, म्हणून शेळी पान्हा चोरती, असं म्हणले व्हते मी. आणखीन जरा जास्तीचं म्हणले व्हते, तेबी सांगितलं."

"मग?" बायकोनं विचारलं.

"मंग दोन दिवस बोलली न्हाई."

सून दारातून हे ऐकत होती. ती पुढं आली. "बाई, तुमी आत्याबाईंचं घेतलं ना त्या मशीनमधी, मंग माझंबी घ्या. अन् कापू नका."

बायकोनं पिशवीतून माइक काढला आणि माझ्या हातात दिला. सूनबाई चरवी घेऊन शेळीजवळ बसली, तिनं मोबाइल कान आणि खांद्यामधे धरला आणि आईला फोन लावला. आईशी बोलता बोलता, मधेच आम्हाला उद्देशून, ती सांगत होती. "ही शेळी माझ्या आवाजावर उभी ऱ्हाती. मी गप बसले का लाथ मारती. आई, न्हाई, तुला न्हाई म्हणले, शेळीला. आत्याबाई बसल्या का ती अंग चोरती, काहून की त्या बोलतच न्हाईत तिच्याशी."

"मी न्हाई बोलत?" मावशी म्हणाल्या. "आख्खं गाव म्हणतं मी लई बोलती म्हणून."

"माणसाशी बोलता. शेळीशी न्हाई."

मावशींनी शेळीकडं निरखून पाहिलं. चरवीत दुधाच्या धारांचा आवाज येत होता आणि शेळी खरोखरच निवांत उभी होती. कोणाचं खरं ते मला कळलं नाही, पण पान्हा सुटण्यामागं काय असतं याबद्दल मी कुठंतरी वाचलेलं होतं आणि ते जिभेच्या टोकावर आलं होतं. बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी माइक थोडा पुढं धरला.

"तुमाला काय वाटतं जावईबापू?" मावशींनीच विचारलं.

"मला त्यातलं कळत न्हाई," मी म्हणालो. सासू-सुना दोघी एकदमच हसल्या. बऱ्याच दिवसांनी दोघी एकदम हसल्या असाव्यात, कारण हसून झाल्यावर दोघीही थोड्या अवघडल्या.

सूनबाई चरवी घेऊन आत गेली आणि त्याच दुधाचा चहा घेऊन आली. शेळीच्या दुधाचा वास मला अजिबात सहन होत नाही. मी कप संपवला, आणि तो चांगला झाला असं म्हणालो, तर तिनं लगेच दुसरा भरून दिला.